हिरवळ दिसते, पण मालकी कोणाची?

वाशीम जिल्ह्यात गोल्फच्या मैदानाभोवती वसलेली वसाहत शोधूनही सापडणार नाही. परंतु कारंजा, रिसोड वा मंगरूळपीर येथून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थिरावलेली पिढी घर शोधू लागते, तेव्हा जाहिरातीतील ती हिरवळ तिलाही खुणावते. पुण्याजवळ गहुंजे येथील लोढा बेलमोंडो आणि मुळशी तालुक्यातील अ‍ॅम्बी व्हॅली ही या प्रकारातील परिचित नावे. प्रवेशद्वारावर पहारा, आत रुंद रस्ते आणि खिडकीसमोर मैदान, या सुखाची किंमत घराच्या दरात अगोदरच धरलेली असते. त्या किमतीत ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते?

पुष्कळदा केवळ दृश्य. मैदानाची जमीन विकासकाच्या नावे राहू शकते आणि खेळण्यासाठी वेगळे सभासदत्व घ्यावे लागू शकते. ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखडा व सामाईक जागा यांत बदल करण्यास किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती आवश्यक आहे. मात्र हे संरक्षण प्रकल्पाच्या हद्दीपुरतेच. मैदान त्या हद्दीबाहेर दाखवलेले असेल, तर उद्या तेथे इमारती उभ्या राहू लागल्यास हरकतीचा आधार लंगडा पडतो. म्हणून माहितीपुस्तिकेतील रंगीत चित्रांपेक्षा ‘महारेरा’च्या संकेतस्थळावरील नकाशा, करारनाम्यातील सामाईक सुविधांची यादी आणि मैदानाचा सातबारा अधिक बोलका ठरतो. सातबारा वाचणे आपल्याकडील माणसाला शिकवावे लागत नाही. शहरात गेल्यावर तो मागायचा मात्र संकोच वाटतो!

सहारा समूहाकडील रकमेच्या वसुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅम्बी व्हॅलीवर जप्ती आणली आणि एप्रिलमध्ये लिलावाचा आदेश दिला. तो लिलाव तडीस गेला नाही. परंतु रस्ते, पाणी, सुरक्षा आणि मैदान एकाच कंपनीच्या हाती असले, की तिचे आर्थिक दुखणे रहिवाशांच्या दारापर्यंत पोहोचू शकते, हे त्यावरून उमगावे. सामाईक जागा रहिवाशांच्या शिखर संस्थेकडे केव्हा हस्तांतरित होणार, याची तारीख करारनाम्यात असावी ती याचसाठी.

राहिले पाणी. अठरा होलचे मैदान साधारणपणे ४० ते ६० हेक्टर जागा व्यापते. त्यातील २० हेक्टर हिरवळीला उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी १० लाख लिटर लागतात. माणशी १३५ लिटर या शहरी मानकाने ही सुमारे ७,४०० माणसांची दैनंदिन गरज. टँकरची वाट पाहिलेल्या वाशीमकरास हा हिशेब अंगावर काटा आणील. शुद्ध केलेले सांडपाणी वापरल्यास हा भार पुष्कळ हलका होतो. भिस्त कूपनलिकांवर असेल, तर मैदान आणि घरातील नळ एकाच भूजलाचे वाटेकरी होतात. यांपैकी कोणती व्यवस्था आहे आणि तिचा खर्च देखभाल शुल्कात किती धरला आहे, हे विक्री कार्यालयात जाऊन विचारावे, आणि शक्यतो मे महिन्यात जावे.