घाट चढायला दीड युनिट

लोंढा जंक्शनवर गाडीची वाट बघणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न: समुद्र ओलांडून मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा दूधसागरचा घाट चढवून पार बल्लारीपर्यंत नेणं परवडतं तरी कसं? घाट काही साधा नाही. 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर! मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात.

हिशेबच करू. कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंतचा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. एक टन कोळसा तेवढा वर उचलायला ऊर्जा लागते जेमतेम दीड युनिट. वाघिणीचं वजन, इंजिनातली नासाडी धरून दहापट करा, पंधरा युनिट. तोच टन चांगल्या प्रतीचा असेल तर वीजकेंद्रात दोन हजारांवर युनिट देतो. 2024 मध्ये कोळशाचा जागतिक व्यापार दीडशे कोटी टनांच्या घरात गेला, तो या गणिताच्या जोरावर. कोळशाचे दिवस भरले असं दरवर्षी छापणाऱ्यांनी हे गणित एकदा सोडवून पाहावं.

भारत स्वतः वर्षाला 100 कोटी टनांवर कोळसा काढतो. मग बाहेरचा कशाला? राखेपायी. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडच्या नद्यांनी झाडोऱ्याबरोबर गाळही दलदलीत आणून टाकला. जात्याची कच पिठात उतरावी तसा तो कोळशात मुरला; धुऊनही पुरता निघत नाही. त्यामुळे आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. इंडोनेशियातला कोळसा वयाने कितीतरी लहान, पावसाच्याच पाण्यावर पोसलेल्या दलदलींतला. तिथे गाळ पोचलाच नाही.

कर्नाटकात तर कोळशाची खाणच नाही. बल्लारीजवळच्या तोरणगल्लूचं 860 मेगावॉटचं वीजकेंद्र आयात कोळशावर चालतं. (लोंढ्यावरून जाणारा बराचसा कोळसा मात्र तिथल्याच पोलादाच्या भट्ट्यांत जातो.) आपल्या गोकाकच्या गिरणीने 1887 मध्येच कोळशाविना, घटप्रभेच्या धबधब्यावर यंत्रं फिरवली होती, याची आठवण कोण ठेवतो!

घाटातल्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. जंगलाचा प्रश्न निदान कोर्टात तरी गेला. धुराचा हिशेब भाड्याच्या पावतीत कुठेच नसतो. एका वाघिणीतला साठेक टन कोळसा जळला की सव्वाशे टनांवर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाढलेलं सगळं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.