मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

तेंदूपत्त्याच्या हंगामात एके दिवशी आमच्या चोरखमारा गावातील सातवीच्या एका मुलाला आम्ही सहज विचारले, "बाळ, सध्या कोणते पुस्तक वाचतोस?" त्याने क्षणभर विचार केला आणि गणिताच्या गाईडचे नाव सांगितले. यात त्या मुलाचा दोष नाही. आपण आईबाप मुलांसाठी वह्या घेतो, गाईड घेतो, ऐपतीप्रमाणे शिकवणीही लावतो. परंतु परीक्षेच्या कामी न येणारे पुस्तक विकत घेऊन मुलाच्या हाती देणे आपल्याला अजूनही चैन वाटते. ती चैन नसून गरज आहे, एवढेच सांगण्यासाठी आणि आमच्या आवडीच्या काही पुस्तकांची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका भेटीचे मोल

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आपण सर्वच जाणतो. मुंबईच्या चर्नी रोडजवळच्या बागेत एकटा वाचत बसणारा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली आणि परीक्षेतील यशाबद्दल भरलेल्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. १९५६ साली दीक्षाभूमीवर जे घडले, त्याची एक वाट त्या पुस्तकापासून सुरू होते.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या तरुणाला 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धांचे छोटेसे चरित्र वाचायला मिळाले. त्या वाचनाने त्याच्या मनाने असा ठाव घेतला की पुढे घरदार सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेशापर्यंत हिंडून तो पाली भाषेचा मोठा पंडित झाला.

या दोन्ही प्रसंगांतून आम्ही एकच गोष्ट शिकलो. मुलाच्या आयुष्यात पुस्तक आपोआप येत नाही. ते कोणीतरी आणावे लागते. कोसंबींच्या हाती मासिक आले, कारण कोणीतरी मुलांसाठी ते काढत होते. भीमरावांच्या हाती चरित्र आले, कारण एका गुरुजींनी ते दिले. आपल्या मुलांसाठी ते काम कोण करणार, हाच खरा प्रश्न आहे.

लहानांसाठी

चौथी-पाचवीपर्यंतच्या मुलांना पुस्तक देऊन "वाच" म्हणू नये. त्यांना वाचून दाखवावे. यासाठी जातककथांसारखे दुसरे साधन नाही. माकड, हत्ती, हरीण, ससा यांच्या या गोष्टी रात्री जेवणे आटोपल्यावर दहा मिनिटांत वाचून होतात. गोष्ट संपताच "यावरून काय बोध घेतलास?" असे मात्र विचारू नये. बोध मुलाच्या मनात आपल्या गतीने उतरतो. प्रश्न विचारला की गोष्टीची परीक्षा होते.

थोडे मोठे झाल्यावर 'किशोर' मासिक लावावे. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले हे मासिक अल्प किमतीत मिळते आणि त्याचे जुने अंक आता मोबाईलवरही विनामूल्य वाचता येतात. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीत उपलब्ध आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेली एक मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत कशी फुलली, याची ही खरी हकिकत आहे. "आमचे पोरगे वर्गात बसतच नाही," अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी ती आधी स्वतः वाचावी.

'श्यामची आई' द्यावे की नाही, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. आमचे मत, अवश्य द्यावे, पण सोबत बसून वाचावे. त्यात एका वृद्ध महार स्त्रीची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठवते, आणि परत आल्यावर आंघोळ करावयास सांगते. येथे थांबून मुलाला विचारावे, "मदत चांगलीच केली, पण आंघोळ कशासाठी?" ज्या साने गुरुजींनी हे लिहिले, त्यांनीच १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हेही सांगावे. चांगल्या पुस्तकालाही प्रश्न विचारता येतो, हे मूल येथे शिकेल. असे शिकलेले मूल पुढे कोणाच्याही भाषणाला उगाच टाळ्या वाजवणार नाही.

आपल्याच रानाची पुस्तके

आमच्या गावाला तलाव आहे आणि तलावापलीकडे नागझिऱ्याचे रान. शहरातील माणसे येथे पैसे खर्चून येतात. आपल्या मुलांना हे रान मोहफुले, तेंदूपत्ता आणि वाघाची भीती एवढ्यापुरतेच ठाऊक असते. याच रानावर मराठीतील नामवंत लेखकांनी पुस्तके लिहिली आहेत, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

व्यंकटेश माडगूळकर यांनी येथे मुक्काम करून, पायी हिंडून जे पाहिले ते 'नागझिरा' या पुस्तकात लिहिले. किरण पुरंदरे यांचे 'सखा नागझिरा' हेही याच जंगलाचे पुस्तक. वनाधिकारी म्हणून या भागात राहिलेले मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' आणि 'पक्षी जाय दिगंतरा' वाचताना आपल्याच तळ्यावरचे पक्षी नव्याने दिसू लागतात. चितमपल्ली २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. शेजारच्या गडचिरोलीतील हेमलकशाच्या प्राण्यांवर विलास मनोहर यांनी लिहिलेले 'नेगल' तर मुले एका बैठकीत संपवतात.

ही पुस्तके आम्ही मुद्दाम आग्रहाने सुचवतो. आपले गाव, आपले झाड, आपला पक्षी छापील पानावर पाहिला की मुलाला प्रथमच वाटते, 'आपल्याविषयीही लिहिता येते.' लेखक होण्याची सुरुवात येथूनच होते.

आठवी ते दहावी

या वयात मुलांना थोर माणसे हवी असतात. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' प्रत्येक घरी असावे. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर काळा म्हणून एका कॉलेजच्या दारातून परत पाठवला गेला. तोच पुढे टस्कगीच्या संस्थेत कृषिशास्त्रज्ञ झाला आणि कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग व रताळी पिकवण्याची वाट त्याने गरीब शेतकऱ्यांना दाखवली. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्यांच्या मुलांना हा माणूस परका वाटत नाही.

विज्ञानाची गोडी लावण्यासाठी डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी' मधील कथा द्याव्यात. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी द्यावी. जेमतेम शाळा पाहिलेल्या माणसाने ती लिहिली, हेही सांगावे.

आत्मकथने केव्हा द्यावीत?

या बाबतीत आपल्यातही दोन मते आहेत. काही पालक म्हणतात, "जे आम्ही भोगले ते मुलांना कशाला सांगायचे? त्यांच्या मनात न्यूनगंड येईल." दुसरे म्हणतात, "न सांगितले तर त्यांना आपला इतिहास कळणार कसा?" दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. आमच्या अनुभवाप्रमाणे वय आणि सोबत या दोन गोष्टी सांभाळल्या तर भीतीचे कारण उरत नाही. मुलांना ही माहिती आज ना उद्या बाहेरून मिळणारच आहे. ती टोमण्यातून मिळण्यापेक्षा पुस्तकातून आणि आईबापांच्या तोंडून मिळालेली बरी.

सुरुवात बाबासाहेबांच्या बालपणापासून करावी. १९०१ साली वडिलांना भेटण्यास कोरेगावला निघालेली भावंडे मसूर स्टेशनवर उतरली आणि जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात. रात्रभर पाणीही मिळाले नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती ऐकताना दहा-बारा वर्षांचे मूल आधी त्या मुलांच्या तहानेचा विचार करते. तेवढे त्या वयाला पुरे.

दहावीनंतर वसंत मून यांचे 'वस्ती' द्यावे. नागपूरच्या वस्तीतील हे बालपण दुःखाइतकेच खेळ, गाणी आणि चळवळ यांनी भरलेले आहे. नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' बापलेकांनी मिळून वाचावे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' मुलींना आवर्जून द्यावे. दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांपासून लपवून बाईंनी ते लिहिले. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) त्यानंतर, कॉलेजच्या वयात. त्यातील वेदना पेलण्यास मन थोडे पक्के व्हावे लागते.

पुस्तके आणायची कोठून?

पैशांचा प्रश्न आहे, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून एकट्याने न घेता दहा घरांनी मिळून घ्यावीत. प्रत्येक घराने वर्षाला दोन पुस्तके घेतली तरी वीस होतात, आणि ती आळीपाळीने दहाही घरांतून फिरतात. विहारातील एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर हे काम चालते. कुलूप मात्र लावू नये. पुस्तक फाटले तर मुलाला रागावू नये, चिकटवायला शिकवावे. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. पुढे त्याच योजनेत आपल्या जिल्ह्यातील नवेगावबांधचीही निवड झाली. मुलांना घेऊन एक दिवस तेथे जाऊन यावे.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण नागपूरला जातो. दीक्षाभूमीच्या परिसरातील पुस्तकांच्या दुकानांवर आपली केवढी गर्दी असते! त्या पिशवीत यंदा एक पुस्तक मुलासाठी असावे, आणि त्याच्या पहिल्या पानावर आईने किंवा बापाने स्वतःच्या हाताने मुलाचे नाव लिहावे. लिहिता येत नसेल तर मुलाकडून शिकून लिहावे. ते पुस्तक मूल आयुष्यभर जपून ठेवील, याची आम्हास खात्री आहे.