दफ्तर आणि दस्तखत

शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी १८७४ च्या डिसेंबरात सावकारांवरील बहिष्काराने ज्याची सुरुवात झाली, आणि पुढील वर्षी १२ मे रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे ज्याचा भडका उडाला, त्या दख्खनच्या दंग्यांत जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, ही गोष्ट दस्तऐवजांचा विचार करणाऱ्याने विसरता कामा नये. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे हाती आले की त्यांची होळी होई, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर जमाव पांगे. अक्षरओळख नसलेला कुणबी खताखाली नांगराची निशाणी करी, खत सावकाराच्या पेटीत जाई, आणि पुढे त्यात काय लिहिले गेले, काय खोडले गेले, हे पाहण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती उरत नसे.

या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्यातील ग्रामनिबंधकाविषयीचे प्रकरण मला आजही विलक्षण वाटते. शेतकऱ्याने करून द्यावयाचे देण्याघेण्याचे खत या अंमलदाराच्या देखरेखीखाली लिहिले जावे, त्याने ते मोठ्याने वाचून दाखवावे, करून देणाऱ्याला मजकूर नीट उमगल्याची खात्री करून घ्यावी, मगच आपल्यासमोर सही किंवा निशाणी घ्यावी, आणि नक्कल दफ्तरी नोंदवून दुसऱ्या पक्षालाही द्यावी, अशी ती तजवीज होती. लिहिणे, सही करणे आणि जपून ठेवणे ही तिन्ही कामे तिने एका छपराखाली आणली.

आज त्याच मुलुखात, शिरूरच्या रांजणगाव आणि दौंडच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतींत, मालपुरवठ्याचे करारनामे आणि ठेकेदारांची पत्रे क्लाउडवर, म्हणजे दूरच्या संगणककेंद्रांत भाड्याने घेतलेल्या जागेत, साठवली जातात. सही मात्र वेगळ्या सेवेतून घ्यावी लागते. या दोहोंचा सांधा जुळलेला नसला, की फाइल उतरवून घ्यायची, ईमेलने पाठवायची, सही होऊन आली की पुन्हा चढवायची, असा प्रवास सुरू होतो. आणि महिन्याभराने उघडून पाहावे तो फोल्डरमध्ये एकाच कराराच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल सहीचा’ अशा तीन फायली शेजारीशेजारी पडलेल्या आढळतात. वाद उपस्थित झाला तर कोणती खरी?

सांधा जोडताना साठवणुकीचा पासवर्ड सहीच्या सेवेला द्यावा लागत नाही. जुन्या काळी जकातीच्या चौकीवर दाखवावयाचे दस्तक असे, तसा एक मर्यादित परवाना तिला मिळतो. तो ठरावीक फायलींपुरता देता येतो आणि मालकाला हवा तेव्हा रद्द करता येतो. त्या परवान्यावर ती सेवा मसुदा उचलते, त्याला न बदलणाऱ्या पीडीएफचे रूप देते, सह्या पुऱ्या झाल्यावर कोणी, केव्हा उघडले आणि केव्हा सही केली याच्या नोंदीसह प्रत त्याच फोल्डरमध्ये आणून ठेवते. क्लाउडवरील मसुदा कोणीही पुन्हा दुरुस्त करू शकतो, सही केलेला कागद मात्र त्या क्षणी गोठलेला असावा लागतो, हा विरोध या जोडणीने मिटतो.

गोठणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटवीत, ते मजकूर येथे संपला, पुढे कोणी भर घालू नये म्हणून. संगणकातील मोर्तब मात्र शेवटी नसते, ते प्रत्येक अक्षरात भिनलेले असते. एसएचए-२५६ नावाची गणिती रीत कितीही लांबीच्या मजकुरातून २५६ बिटांचा ठसा काढते, जो ६४ चिन्हांत लिहिता येतो. करारातील ५,००० ची रक्कम एक शून्य वाढवून ५०,००० केली, किंवा एखादा स्वल्पविराम हलवला, तरी तो ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. संभाव्य ठशांची संख्या ७८ अंकी असल्यामुळे दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा जुळवून आणण्याची व्यवहार्य रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. पीडीएफच्या पोटात सहीपुरती एक जागा मोकळी राखतात, ती वगळून उरलेल्या संपूर्ण फाइलीचा ठसा घेतात, आणि सही करणाराच्या खासगी किल्लीने त्यावर गणिती संस्कार करून तो त्याच जागेत बसवतात. जोडीची दुसरी किल्ली सार्वजनिक असते. तिने कोणीही पडताळा पाहू शकतो. किल्ल्यांच्या जोडीची ही कल्पना १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला व्यवहार्य रूप दिले.

आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिली, आणि २०१५ पासून आधारवर आधारलेली ई-साइन सेवा आली. तीत मला सर्वाधिक भावते ते हे, की मसुदा उचलणाऱ्या सेवेकडून ई-साइन यंत्रणेकडे करार जातच नाही. जातो केवळ त्याचा ठसा. ओटीपीने ओळख पटली की त्या एका सहीसाठी किल्ल्यांची जोडी निर्माण होते, आणि काम होताच खासगी किल्ली नष्ट केली जाते. मृत्युपत्र मात्र अजूनही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्याला शाई आणि साक्षीदारच हवेत.

डिजिटल सहीचा सातबारा घेणाऱ्या शेतकऱ्याला या विद्येचा परिचय नकळत झालेला आहे. हा सातबारा छापला की कागदावर सहीचे केवळ चित्र उरते, गणित फाइलीतच राहते. म्हणून त्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो, आणि तो संकेतस्थळावर घालून मूळ नोंदीशी ताडून पाहावा लागतो. फाइल उघडल्यावर सहीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह दिसले, तर पुष्कळांना सही खोटी वाटते. बहुधा त्याचा अर्थ एवढाच, की प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची त्या संगणकाला अजून ओळख करून दिलेली नाही.

ठसा कागदाची साक्ष देतो. सही करणाऱ्याला मजकूर उमगला होता की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मोबाइलवर बारा पानांचा इंग्रजी करार येतो, बोट सरकत खाली जाते, सहा अंक टाकले जातात, आणि नोंदवहीत अचूक वेळ उमटते. १८७९ च्या कायद्यातील वाचून दाखवण्याचे कलम या जोडणीत घालणे तंत्राला आता मुळीच कठीण नाही, कारण लिहिलेले मराठी बोलून दाखवणारे यंत्र त्याच मोबाइलमध्ये असते. करारातील रक्कम, मुदत आणि दंड यांची कलमे मराठीत ऐकवून झाल्यावाचून ओटीपीची चौकट उघडू नये, एवढी व्यवस्था त्या सेवांनी करावी, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.