टर्की उतरली, पुढे काय?

परतीची वाट : लेखांक ५

"डॉक्टर, आठ-दहा दिवस ठेवून घ्या, अंगातलं सगळं काढून टाका, पुढचं आम्ही बघतो." गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढणाऱ्या मुलाला घेऊन आलेले आईवडील दवाखान्यात बसल्याबसल्या हे म्हणतात. त्यांचं चुकत नाही. त्यांनी मुलाला टर्कीत तडफडताना पाहिलेलं असतं. ती तडफड म्हणजेच आजार, ती थांबली की पोरगा सुटला, असा हिशेब त्या घरानं मांडलेला असतो. आजच्या लेखांकात मला या हिशेबाबद्दलच बोलायचं आहे, कारण गर्दच्या उपचारात जितकी माणसं आपण गमावतो, त्यातली बरीच या आठ-दहा दिवसांत नाही, त्यानंतरच्या दिवसांत जातात.

आधी टर्की, म्हणजे गर्द थांबल्यावर होणारा त्रास. शेवटच्या दमानंतर सहा ते बारा तासांत ती सुरू होते. पहिल्यांदा जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी. मग अंगावर काटा, दरदरून घाम, एकाच वेळी हुडहुडी आणि उकाडा. कंबर आणि पोटऱ्या अशा ठणकतात की माणूस गादीवर पाय घासत, आपटत राहतो. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. झोपेचं नाव नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवड्याभरात जोर ओसरतो. झोपमोड, हुरहुर, कशातच मन न लागणं हे मात्र पुढे कित्येक आठवडे रेंगाळतं. दारू एकाएकी तोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो; गर्दच्या टर्कीत सहसा तसं होत नाही. तरी उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी फार कमी झालं, किंवा जोडीला दुसरा आजार असला, तर धोका असतोच. औषधांनी हे दिवस खूप सुसह्य करता येतात. म्हणून "भोगू दे जरा, अद्दल घडेल" असं म्हणून एखाद्याला औषधाविना कोंडून ठेवणं ही क्रूरता आहे. अद्दल तर घडत नाहीच. दार उघडं मिळालं की तो थेट पुडीच्या शोधात निघतो.

आता आठ-दहा दिवस झाले असं धरू. पोरगा घरी आलाय, जेवतोय, आईला भाजी आणून देतोय. घर हरखलेलं आहे. पण त्याच्या शरीरात एक बदल झालेला आहे, जो कुणाला दिसत नाही. रोज गर्द घेऊन शरीराची जी सवय झालेली होती, ती गेलेली आहे. पूर्वी तो जेवढं पचवत होता, तेवढं आता त्याचा श्वास थांबवू शकतं. आणि ओढ तर गेलेली नाही. जुना दोस्त भेटतो, स्टेशनबाहेरचा तो कोपरा दिसतो, घरात खटका उडतो, आणि हात पुन्हा पन्नीकडे किंवा सुईकडे जातो. प्रमाण पूर्वीचंच. केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच जीवघेणे ठरतात. नुसती टर्की उतरवून माणसाला घरी पाठवणं हा उपचार नाही, हे मी अगदी ठामपणे म्हणतो. कधीकधी तर ते त्याला आधीपेक्षा मोठ्या धोक्यात लोटणं असतं.

मग उपचार कशाला म्हणायचं? जगभरात ज्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, ते म्हणजे रोज, दीर्घकाळ, देखरेखीखाली दिलं जाणारं औषध. आपल्याकडे त्यासाठी मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनची गोळी वापरतात. दिल्लीच्या एम्समध्ये ती १९९३ पासून दिली जाते. तिच्या आधीचं, द्रवरूपात दिलं जाणारं औषध म्हणजे मेथाडोन. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर या डॉक्टरांनी १९६४ च्या सुमारास हेरॉइनच्या रुग्णांना ते देऊन या उपचारपद्धतीचा पाया घातला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

ब्युप्रेनॉर्फिन काय करतं? हेरॉइन मेंदूतल्या ज्या ठिकाणी जाऊन बसतं, तिथेच हेही बसतं, आणि जास्त घट्ट बसतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. नंतर हेरॉइन आलं तरी त्याला बसायला फारशी जागा उरत नाही, पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. हे औषध त्या जागेला अर्धवटच चेतवतं, म्हणून टर्की होत नाही, ओढ शमते, पण नशेची ती लाट येत नाही. ठरावीक मात्रेपुढे त्याचा परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोकाही हेरॉइनपेक्षा बराच कमी. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर मात्र हे संरक्षण राहत नाही. हे घरच्यांनी पक्कं लक्षात ठेवायला हवं.

पहिला डोस कसा देतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. घाई अजिबात चालत नाही. रुग्णाला सांगितलेलं असतं की शेवटचं गर्द घेऊन निदान आठ-बारा तास होऊ दे. तो येतो तेव्हा जांभया देत असतो, नाक पुसत असतो, हातावर काटा उभा असतो. डॉक्टर नाडी बघतात, डोळ्यांच्या बाहुल्या बघतात. टाचणीच्या टोकाएवढ्या असलेल्या बाहुल्या आता मोठ्या झालेल्या हव्यात. टर्की खरंच लागलीय याची खात्री पटल्याशिवाय गोळी मिळत नाही, कारण हेरॉइन अंगात असताना ही गोळी दिली तर ती त्याला झटक्यात जागेवरून उठवते आणि रुग्णाची एका क्षणात भयंकर टर्की सुरू होते. असा अनुभव एकदा आला की माणूस त्या केंद्राची पायरी पुन्हा चढत नाही. मग नर्स गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवते. गिळायची नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही. पाच-दहा मिनिटं तो नुसता बसून राहतो. नंतर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवतो. गोळी विरघळलीय ना, लपवून बाहेर विकायला तर नेत नाही ना, ते नर्स बघते. नंतर तासभर बाकावर. बघता बघता त्याचे पाय आपटायचे थांबतात. काही जण तिथेच डुलकी काढतात.

"म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावली!" हा आक्षेप मी वडिलांकडून ऐकलाय, शिक्षकांकडून ऐकलाय, आणि काही व्यसनमुक्ती केंद्रांच्या चालकांकडूनही. मला तो मान्य नाही. या औषधाची शरीराला सवय लागते हे खरंच आहे, ते अचानक थांबवलं तर त्रास होतो हेही खरं. पण व्यसनानं घर मोडतं ते सवयीमुळे नव्हे. दर काही तासांनी पुडीसाठी धावणं, आईच्या बांगड्या विकणं, खोटं बोलणं, कुणाचीही सुई टोचून घेणं यामुळे ते मोडतं. गोळी घेणारा माणूस सकाळी केंद्रावर येतो, डोस घेतो आणि कामावर जातो. आकडेही बोलके आहेत. द बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मेथाडोन चालू असलेल्यांत दर हजारी वर्षाला सुमारे ११ मृत्यू. उपचार सोडलेल्यांत ३६. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत उपचार चालू असताना चारच्या आसपास, सोडल्यावर नऊच्या वर. "किती दिवस घ्यायची?" याचं उत्तर म्हणून घाईघाईनं तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कुणाला वर्ष लागतं, कुणाला अनेक वर्षं. थांबवायची वेळ आली की मात्रा सावकाश उतरवत न्यायची असते.

अडचण उपलब्धतेची आहे. ही गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळणारी नाही, ती ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच दिली जाते. सुईनं नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची केंद्रं ती विनामूल्य देतात. मुंबईत केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात हा उपचार झालेला आहे, आणि रस्त्यावरच्या व्यसनींमध्ये काम करणाऱ्या संकल्प या संस्थेनंही तो अनेकांपर्यंत नेलेला आहे. तालुक्याच्या गावातून मुंबई-पुणे गाठणाऱ्याला मात्र रोजची फेरी कशी परवडावी? २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, ओपिऑइडच्या, म्हणजे अफू, हेरॉइन आणि तत्सम पदार्थांच्या, व्यसनाशी झगडणारे देशात ७७ लाख लोक असल्याचा अंदाज होता, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांतल्या फार थोड्यांनाच कधी काही उपचार मिळालेला होता. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला हे औषध मिळायलाच हवं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

नाल्ट्रेक्सोन नावाची आणखी एक गोळी आहे. हेरॉइनची मेंदूतली जागा ती पूर्ण बंद करते. आठ-दहा दिवस अंगात काहीही नसताना ती सुरू करतात. घरचं कुणी रोज समोर उभं राहून देणार असेल आणि रुग्णाची मनापासून तयारी असेल, तर ती चालते. तिची गोम अशी की ती बंद करणं फार सोपं असतं, आणि बंद केल्यावर शरीराला जुनी सवय उरलेली नसते.

औषधाच्या बरोबरीनं माणसं लागतात, आणि इथे महाराष्ट्राकडे मोठी पुंजी आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, मुंबईत शिरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली, आणि डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे दाखल झालेल्याला पेशंट न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि बऱ्या झालेल्यांतलेच कित्येक पुढे तिथे काम करतात. रुग्णांच्या बायकांसाठीचा 'सहचरी' हा गटही तिथलाच. त्याआधी १९८१ मध्ये फादर ज्यो परेरांनी वांद्र्यात 'कृपा फाउंडेशन' उभं केलं, योगाला उपचारात महत्त्वाचं स्थान दिलं. नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या सभांना एक पैसाही लागत नाही, नाव-गाव विचारलं जात नाही. संध्याकाळचे सहा ते आठ, म्हणजे ज्या वेळी पाय आपोआप अड्ड्याकडे वळायचे ती वेळ, सभेतल्या खुर्चीवर घालवणं याचं मोल ज्याला कळतं त्यालाच कळतं. औषध घेणाऱ्याला "तू अजून स्वच्छ नाहीस" म्हणून हिणवणारं कुणी भेटलंच, तर ती सभा बदलावी. गोळी सोडू नये.

आता केंद्र निवडताना. फोनवर पहिलं विचारा : मानसोपचारतज्ज्ञ येतात का, आठवड्यातून कितीदा? रात्री उलट्या-जुलाब झाले तर कोण असतं? ओढीवरचं औषध देता का, की नुसतंच समुपदेशन? बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा काय? घरच्यांना भेटू देता का? "पहिले तीन महिने भेट नाही, फोन नाही" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ या कायद्यात व्यसनही येतं. अशा आस्थापनेला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते; प्रमाणपत्र बघायला मागण्यात संकोच नको. रुग्णाला साखळीनं बांधणं हा कायदा कोणत्याही स्वरूपात चालवून घेत नाही. मध्यरात्री चार धटिंगण पाठवून मुलाला झोपेतून उचलून नेण्याची 'सेवा' काही ठिकाणी पैसे घेऊन दिली जाते. अगतिक आईबाप ती घेतात. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांनी ती घेऊ नये असं कळकळीनं सांगतो. मुलाच्या जिवाला किंवा इतरांना धोका असेल आणि तो तयारच नसेल, तर त्याचीही कायदेशीर वाट आहे : नामनिर्देशित व्यक्तीनं अर्ज करायचा, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं, दाखला जास्तीत जास्त तीस दिवसांचा, आणि पुनर्विलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक.

पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळणारे पुष्कळ आहेत. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ त्यांच्यासाठी आहे. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. हेरॉइनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. वकिलाला या कलमाचं नाव घेऊन विचारा.

आणि पुन्हा घेतलंच तर? पुष्कळांच्या बाबतीत असं एकदा तरी घडतं. त्या दिवशी घरातून हाकलण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा केंद्रावर न्यावं. पण त्या रात्री त्याला खोलीत एकटं झोपू देऊ नये. हाक मारून, छाती चोळून जाग येत नसेल, घोरण्यासारखा किंवा घशात गुरगुर होत असल्यासारखा आवाज येत असेल, ओठ-नखं निळी पडली असतील, श्वास फार संथ झाला असेल, तर तो झोपलेला नाही, मरणाच्या दारात आहे. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. बंद पडत असेल तर नाक दाबून तोंडानं श्वास द्या. मीठपाणी, दूध, काहीही पाजू नका. नालोक्सोन हे इंजेक्शन काही मिनिटांत हेरॉइनचा परिणाम उलटवतं, पण त्याचा अंमल तास-दीड तासात ओसरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावंच लागतं. आपल्या केंद्रात आणि जवळच्या रुग्णालयात नालोक्सोन आहे का, हे आजच विचारून ठेवा. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १४४४६ आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६.

पुढच्या आठवड्यात : गोळी सुरू झाल्यावरचं पहिलं वर्ष, नोकरी, आणि घरात पैशांची चावी कुणाकडे असावी.