झाकलेल्या पानांचा हिशेब

पत्त्यांचे नाव काढताच आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ते स्वाभाविकही आहे. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते. ब्रिज मात्र पैसे न लावता खेळता येतो. त्याच्या डुप्लिकेट पद्धतीत तर तेच वाटप निरनिराळ्या टेबलांवर खेळवले जाते. त्यामुळे पाने कोणाला चांगली आली यापेक्षा निर्णय कोणाचा चांगला, याचीच तुलना होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी याच खेळात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

या खेळामागील गणित खानदेशाला परके नाही. काही वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतात, याची सर्वसाधारण रीत नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दिली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सहा रसांची ६३ मिश्रणे याच रीतीने मोजलेली आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

आता ही रीत बचावाला कशी उपयोगी पडते ते पाहू. बचाव करणाऱ्याला स्वतःची १३ आणि डमीची १३ पाने दिसतात. उरलेली २६ पाने बोली जिंकणारा आणि आपला भिडू यांच्यात १,०४,००,६०० प्रकारे वाटलेली असू शकतात. एवढ्या शक्यतांपुढे अंदाज तरी काय बांधावा? परंतु प्रत्येक बोली व प्रत्येक पान त्यांतील काही शक्यता बाद करत असते.

समजा, हुकूम इस्पिकचा आहे. डमीकडे तीन व आपल्याकडे तीन इस्पिक आहेत. बोली जिंकणाऱ्याकडे नेमकी पाच आहेत असे कळले, म्हणजे भिडूकडे दोन उरली. शक्यता लगेच १५,८७,२२२ वर येतात. आता चौकटची राणी कोणाकडे असेल? बोली जिंकणाऱ्याच्या हातात आठ जागा मोकळ्या आहेत, भिडूच्या हातात अकरा. म्हणून दुसरी काही माहिती नसेल, तर ती भिडूकडे असण्याची शक्यता १९ पैकी ११, म्हणजे सुमारे ५८ टक्के. पुढे बदामही मोजून झाले: त्याच्याकडे चार, भिडूकडे तीन. मोकळ्या जागा चार आणि आठ राहिल्या. शक्यता दोन-तृतीयांशावर गेली. राणी भिडूकडे असेल तरच चौकटची उतारी लाभणार असेल, तर आता ती करण्यास सबळ कारण आहे.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. भिडूकडे एखादा एक्का असला तरच डाव मोडणार असेल, तर तो त्याच्याकडे आहे असे धरूनच खेळावे, मग ती शक्यता दहात एक का असेना. दुसऱ्या वाटेने डाव मोडतच नसेल, तर त्या वाटेची खात्री काय कामाची?

दोन-तृतीयांश शक्यतेवर खेळलेली उतारीही तीनदा खेळल्यास सरासरी एकदा फसते. तेव्हा भिडूवर रागावण्यात अर्थ नसतो. जळगाव-धुळ्यात कापसाचा व्यवहार पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको: हिशेब करून माल भरावा आणि भाव पडावा, असे होतेच. अशा वेळी घरातल्या तरुणाला ‘तोटा का आला’ एवढेच न विचारता, ‘निर्णय घेताना तुला काय काय ठाऊक होते’ हेही विचारावे. चूक खरोखर झाली असेल, तर ती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच सापडेल.