पडद्यावरचा काळा चौकोन

जिनमंदिराच्या कार्यालयात भिंतीवर एक पडदा असतो. त्यावर आठ किंवा सोळा चौकोन असतात आणि बहुधा त्यांतला एखादा काळा असतो. विचारले तर उत्तर मिळते, "तो कॅमेरा बंद आहे." कधीपासून बंद आहे, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. गाभाऱ्यातील धातूच्या मूर्ती, छत्र, भामंडल, चांदीची उपकरणे आणि दानपेटी यांच्या रक्षणासाठी समाजाने वर्गणी काढून ही यंत्रणा बसवलेली असते. काही विपरीत घडून पोलीस चित्रण मागू लागले, म्हणजे त्या काळ्या चौकोनाकडे सर्वांचे लक्ष जाते. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून कारागिराला निरोप धाडण्यापूर्वी पंचकमिटीतील एखाद्या जाणत्या श्रावकाला स्वतः काय पाहता येईल, याचा विचार येथे केला आहे.

आजचे बहुतेक कॅमेरे नेटवर्क कॅमेरे आहेत. स्वीडनमधील ॲक्सिस या कंपनीने १९९६ साली असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. जुन्या कॅमेऱ्याची तार थेट पडद्यापर्यंत जाई. तार धड असली की चित्र दिसे. नेटवर्क कॅमेरा हा मात्र स्वतःच एक छोटा संगणक असतो. तो चित्राचे आकड्यांत रूपांतर करतो, ते आकुंचित करतो आणि लॅन केबलमधून स्विचकडे व तेथून रेकॉर्डरकडे पाठवतो. या मार्गात वीज हवी, अखंड तार हवी, अचूक पत्ता हवा, जुळणारा पासवर्ड हवा आणि दोन्ही टोकांना कळणारी सांकेतिक भाषाही हवी. यांतील एकही गोष्ट चुकली तरी चौकोन काळाच दिसतो. स्वाध्यायात आपण निमित्त आणि उपादान यांचा विचार करतो. येथेही प्रथम तोच विवेक हवा: दोष कॅमेऱ्याच्या ठायी आहे की बाहेरच्या साधनांत? बहुतेक वेळा तो बाहेर सापडतो, आणि तरीही नवा कॅमेरा विकत घेण्याची घाई होते.

आरंभ शिडीपासून नव्हे, पडद्यापासून करावा. काळ्या चौकोनात बारीक अक्षरांत काही लिहिलेले असते, ते वाचावे. कॅमेरा ऑफलाइन आहे असे असेल, तर वीज, तार किंवा पत्ता यांचा संशय घ्यावा. पासवर्ड चुकीचा असे असेल, तर तार शोधत हिंडण्याचे कारण नाही. उत्तर येते आहे, म्हणजे कॅमेरा जिवंत आहे. काहीच लिहिलेले नसून नुसता अंधार असेल, तर भिंगावर काही आले आहे का, हे आधी पाहावे.

त्यानंतर स्विचकडे जावे. कॅमेऱ्याची केबल ज्या खाचेत आहे तेथील दिवा मुळीच पेटत नसेल, तर बहुधा वीज किंवा तार यांत दोष असतो. पीओई पद्धतीत वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातात. तिच्या मूळ मानकाप्रमाणे स्विचच्या एका खाचेतून १५.४ वॅट मिळतात आणि दूरच्या टोकाला १२.९५ वॅटची हमी असते. केबलची मर्यादा १०० मीटर. मंदिराच्या मागील भिंतीपासून मानस्तंभाला वळसा घालून कार्यालयापर्यंत आलेली केबल ही मर्यादा सहज ओलांडते, कारण तार सरळ रेषेत जात नाही. ती भिंतीने चढते आणि उतरते. त्यात केबल शुद्ध तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर वीज वाटेतच अधिक खर्ची पडते. स्वस्तात मिळालेल्या केबलची ही बाजू विकणारा सहसा सांगत नाही.

याच कारणाने एक विचित्र व्याधी जडते. दिवसभर कॅमेरा उत्तम चालतो, दिवेलागणीला चित्र जाते, मिनिटभर परत येते, पुन्हा जाते. अंधार पडताच कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे पेटतात, विजेची मागणी वाढते, आणि अशक्त तारेतून तेवढी वीज न पोहोचल्यामुळे कॅमेरा पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होतो. कारागीर दुपारी येतो, सर्व ठीक पाहून जातो. अशा वेळी त्याला संध्याकाळीच बोलवावे.

पावसाळ्यात दोष बहुधा जोडावर सापडतो. कॅमेऱ्यामागची जोडणी उघडी राहिली असेल तर पाणी झिरपते आणि जॅकच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. थर पुसून काम तात्पुरते भागते. जॅक नव्याने मारून तो बंद डबीत ठेवणेच योग्य. तार शाबूत आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत खात्रीची रीत अदलाबदलीची आहे. संशयित कॅमेरा खाली आणून स्विचजवळ हातभर केबलने जोडावा. चित्र आले तर कॅमेरा निर्दोष, तार सदोष. शिडीवर चढण्याचे काम मात्र पाऊस-विजांच्या दिवशी करू नये, आणि ज्येष्ठ विश्वस्तांनी तर मुळीच नाही.

दिवा पेटतो आहे, तरी चित्र नाही, असे असेल तर पत्त्याकडे वळावे. प्रत्येक कॅमेऱ्याला १९२.१६८.१.२० यासारखा आयपी पत्ता असतो. तो राउटरने आपोआप दिलेला असेल, तर वीज जाऊन आल्यानंतर बदलू शकतो. रेकॉर्डर मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. कधी दोन उपकरणांना एकच पत्ता मिळतो. त्याची परीक्षा सोपी आहे. संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करावे, मग कॅमेऱ्याची केबल काढून पुन्हा पिंग करावे. केबल काढल्यावरही उत्तर येत असेल, तर त्या पत्त्यावर दुसराच कोणी बसला आहे. कॅमेऱ्यांचे पत्ते कायमचे निश्चित करून घेणे, हा यावरचा उपाय. काही रेकॉर्डरांना मागे स्वतःच्याच पीओई खाचा असतात. त्यांना जोडलेले कॅमेरे कार्यालयाच्या संगणकावर परस्पर सापडत नाहीत. हा दोष समजू नये.

पासवर्डचा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला आणि रेकॉर्डरमध्ये जुनाच राहिला, तर रेकॉर्डर तोच चुकीचा पासवर्ड देत राहतो आणि काही कॅमेरे त्याला काही काळ दार बंद करतात. मग खरा पासवर्ड घातला तरी चित्र येत नाही. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. याहून मोठी अडचण म्हणजे पासवर्ड केवळ बसवणाऱ्याच्या स्मरणात असणे. कारखान्यातून आलेला सर्वश्रुत पासवर्ड तसाच ठेवणे तर धोक्याचेच. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने असेच पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते.

सांकेतिक भाषेचा दोष नवा कॅमेरा जुन्या रेकॉर्डरला जोडला की उद्भवतो. नवा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने चित्र पाठवतो, जुन्या रेकॉर्डरला एच.२६४ च कळते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलली की काम होते. संगणकाच्या ब्राउझरवर सर्व पर्याय दिसतात, पण चित्राची जागा रिकामी राहते, याचे कारणही असेच. जुने कॅमेरे इंटरनेट एक्सप्लोररच्या पूरक प्रणालीवर विसंबून होते, आणि तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला.

कधी कॅमेरा चालू असतो, पण रात्री पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही. भिंगासमोर कोळ्याने जाळे विणलेले असते आणि अवरक्त प्रकाश त्यावरून परततो. कीटकनाशक फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याला तो मान्य होणार नाही. मऊ कुंचल्याने, जीव जपून, जाळे हलकेच दूर करावे. याच विचाराने, रात्रभर पांढरा दिवा जाळून रंगीत चित्र देणारे कॅमेरे मंदिराच्या आवारात लावू नयेत, असे माझे मत आहे. त्या उजेडाकडे किडे झेपावतात, त्यांच्यामागे पाली येतात, आणि सकाळी कॅमेऱ्याखाली मेलेल्या जिवांचा खच पडतो. अवरक्त दिव्यांचे चित्र कृष्णधवल असते खरे, पण पहाऱ्याला ते पुरते. कॅमेरा खाली काढलाच असेल, तर परत बसवताना त्याचे तोंड त्यागी निवासाकडे किंवा पूजेची वस्त्रे बदलण्याच्या खोलीकडे वळत नाही ना, हेही पाहावे.

चित्र दिसले म्हणजे ते साठवले जात आहे, असेही नाही. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गीगाबाइट होतात; आठ कॅमेऱ्यांचे सुमारे ३४५. म्हणजे ४ टेराबाइटची हार्ड डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे लिहिले जाऊ लागते. दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी भांडारातून काही गेले आणि ते पर्व संपल्यावर चार दिवसांनी ध्यानात आले, तर चित्रण उरलेले नसते. म्हणून महिन्यातून एकदा, मागील आठवड्यातील एखाद्या रात्रीचे दोन वाजताचे चित्रण उघडून पाहावे. डिस्क निकामी झाली असेल तर तेव्हाच कळेल. घड्याळही तेव्हाच तपासावे. रेकॉर्डरमधील बटणासारखा सेल संपला की तारीख भलतीच होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग ते सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांकही विचारला जातो. हीच माहिती बिघाड शोधतानाही लागते. मंदिराच्या दप्तरात एका वहीत प्रत्येक कॅमेऱ्याचे मॉडेल, अनुक्रमांक, आयपी पत्ता, स्विचमधील खाच आणि केबलचा मार्ग लिहावा, पासवर्ड मोहोरबंद पाकिटात अध्यक्ष व चिटणीस यांच्याकडे ठेवावा, आणि विश्वस्त मंडळ बदलले की देवघराच्या किल्ल्यांबरोबर ही वही आणि ते पाकीटही नव्या मंडळाच्या हाती सोपवावे.