बदनाम श्वान घरात पाळावेत का?

रॉटवायलर किंवा पिटबुलचे नाव निघाले, की गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषयही मागे पडतो. 'आमचा टायसन नातवाच्या पायाशी झोपतो,' असे सांगणारे मालक एकीकडे आणि टायसन लिफ्टमध्ये असेल तर जिन्याने जाणारे शेजारी दुसरीकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. या जातींचे कितीतरी श्वान आयुष्यभर कुणाला इजा न करता जगतात आणि एखादा मात्र घरातल्याच माणसाच्या जिवावर उठतो.

लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये तसेच घडले. घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा मृत्यू झाला. त्या वेळी घरात मदतीला दुसरे कोणीही नव्हते. त्याच वर्षी गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यास मनाई केली. पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ प्रकारच्या श्वानांची आयात, पैदास आणि विक्री थांबविण्यास सांगितले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्र रद्दबातल ठरविले. त्या यादीत अकिता होता, केन कोर्सो होता; पण मराठी मध्यमवर्गाने ज्यांचा धसका दोन पिढ्या घेतला, ते डोबरमन आणि अल्सेशियन मात्र नव्हते. बदनामीलाही फॅशन असते, ती अशी.

या जातींचा इतिहास पाहिला तर त्यांच्या स्वभावाचा थोडा उलगडा होतो. जर्मनीतील रॉटवाइल गावचे खाटीक गुरे हाकण्यासाठी जो दणकट कुत्रा वापरीत, तो रॉटवायलर. अपोल्डा गावच्या डोबरमन नावाच्या करवसुली कारकुनाने स्वतःच्या संरक्षणासाठी जी जात घडविली, तिला त्याचेच नाव मिळाले. पिटबुलची कुळकथा अधिक रक्तरंजित आहे. इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळावर १८३५ मध्ये बंदी आली, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्या झुंजी लावण्यास सुरुवात केली. बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चिकाटी यांच्या संकरातून या झुंजींचे श्वान निपजले. पकडलेले न सोडणे, हा गुण त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासला गेला.

मग स्वभाव रक्तातच असतो का? 'सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात १८ हजारांहून अधिक श्वानांची माहिती तपासण्यात आली. दोन श्वानांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यापैकी जेमतेम नऊ टक्के फरकाचे स्पष्टीकरण जातीवरून देता येते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे केवळ जात पाहून एखादा श्वान शांत निघेल की तापट, हे सांगता येत नाही. श्वानप्रेमी हा निष्कर्ष हिरिरीने सांगतात आणि तिथेच थांबतात.

अडचण पुढे आहे. चावण्याची शक्यता आणि चावल्यानंतरचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार किलोचा पॉमेरेनियनही चिडला की चावतो. त्याने पोटरी धरली तर टाके पडतील. पन्नास किलोच्या रॉटवायलरने तीच चूक केली तर चिमुरड्याचा जीव जाऊ शकतो. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळातील श्वानांच्या हल्ल्यांतील २३८ मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यांत निदान २५ जातींचे श्वान होते. तरीही निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुल आणि रॉटवायलर गुंतलेले आढळले. प्रत्येक जातीचे एकूण किती श्वान पाळले जातात, याची खात्रीलायक मोजदाद नसल्याने यावरून जातींची क्रमवारी लावता येत नाही, असे संशोधकांनीच बजावले होते. मात्र घरात कोणता धोका पत्करायचा हे ठरविणाऱ्याला वजन आणि जबडा विसरून चालत नाही.

त्याहून बोलकी पाहणी २०१३ सालची आहे. अमेरिकेत २००० ते २००९ या दशकात झालेले असे २५६ मृत्यू तिच्यात बारकाईने तपासले गेले. ८७ टक्के प्रसंगांत मध्ये पडू शकेल असा धडधाकट माणूस जवळ नव्हता. सुमारे ८५ टक्के बळींची त्या श्वानाशी ओळख नव्हती किंवा जुजबी होती. ८४ टक्के श्वानांचे निर्बीजीकरण केलेले नव्हते. ७६ टक्के श्वान माणसांच्या नित्य सहवासापासून तोडलेले होते, म्हणजे साखळीला, आवारात किंवा पिंजऱ्यात. यांसारखी चार किंवा अधिक कारणे ८० टक्के घटनांत एकत्र आली होती.

हे आकडे मुंबई-पुण्याच्या घराशेजारी ठेवून पाहावेत. नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडतात. घरी आजी, शाळेतून परतणारे मूल आणि बाल्कनीत बांधलेला श्वान. संध्याकाळी त्याला खाली नेतो तो इमारतीचा वॉचमन किंवा पगारी पोरगा. अशा घरात ही जात आणू नये, हेच शहाणपणाचे. ज्या घरात दिवसभर एक सशक्त प्रौढ माणूस हजर आहे, ज्याला पूर्वी श्वान वाढविण्याचा अनुभव आहे आणि जो भर पावसातही दोन वेळा फिरवून आणील, तिथे रॉटवायलरही उत्तम सोबती ठरतो. राखणीसाठी म्हणून आणलेला, मुद्दाम माणसांपासून दूर ठेवलेला श्वान मात्र राखणही धड करीत नाही. पाहुणा आणि चोर यांतला फरकच त्याला कळत नाही.

पिल्लू वयाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यांत माणसे, मुले, वाहने, फटाके यांना सरावते. नेमका हाच काळ अनेक पिल्ले विक्रेत्याच्या पिंजऱ्यात काढतात. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक आणि पिल्लाची आई दाखविण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये. आई अंगावर धावून येत असेल, तरीही परत फिरावे.

मुलांच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. मुलाने खाण्याच्या भांड्यात हात घातला, श्वान गुरगुरला, की वडीलधारी मंडळी श्वानाला चोप देतात. गुरगुरणे हा इशारा आहे. मार खाऊन तो इशारा देणे सोडतो. राग मात्र सोडत नाही. पुढच्या खेपेस तो न गुरगुरता थेट चावतो आणि मग 'काहीही कारण नसताना चावला' असे सांगितले जाते. खाताना, झोपलेला असताना मुलाला त्याच्याजवळ जाऊ न देणे आणि दोघांना कधीही एकटे न सोडणे, एवढे पथ्य लॅब्रॅडॉरच्या घरातही पाळायलाच हवे.

कायदा मालकालाच जबाबदार धरतो. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईत २०१० मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. खटला तेरा वर्षे चालला. जानेवारी २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली.